फोनची उतरंड

टीव्हीवर एक माणूस नवा फोन दोन बोटांत धरून जगाला दाखवत होता, आणि आमच्या घरातली माणसं तो फोन सोडून अण्णांचं तोंड बघत होती.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, भरतेश. जयसिंगपुरात आमचं भांड्यांचं दुकान, घर त्याला लागूनच, आणि दुकानाचे नि घराचे कर्ते तेच. मांडीवर बिनकांद्याच्या पोह्यांची बशी, चमचा तोंडाच्या वाटेत थांबलेला. सकाळच्या बातम्या चालू होत्या. आदल्या रात्री तो फोन तिकडे अमेरिकेत जाहीर झाला होता आणि महिन्याभरात आपल्याकडे येणार होता.

"ह्यात नवीन काय हाय?" अण्णा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. एखादी वस्तू खरोखरच नको असली तर अण्णा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नवीन काय आहे असं त्यांनी विचारलं म्हणजे मन तिकडे वळलं होतं.

"कॅमेरा बघा की," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे अण्णांच्या बायको, माझ्या जाऊबाई. "माणूस किती गोरं दिसायलंय त्यात."

"ते मूळचंच गोरं हाय. अमेरिकेतलं."

"आणि तोंड बघून उघडतो म्हणे," आमचे हे म्हणाले. हे, म्हणजे सन्मती, अण्णांचे धाकटे भाऊ.

"माझं तोंड बघून तुझी वहिनी दार उघडत न्हाई, फोन काय उघडतोय," असं म्हणून अण्णांनी पोह्यांचा घास घेतला. पण डोळे टीव्हीवरच होते. कोपऱ्यात सासूबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं आमच्याकडे लक्ष नाही असं मला तेव्हा वाटलं.

एका माणसाच्या फोनची चौघांना एवढी काळजी का, ते सांगते. आमच्या घरात फोन विकत घ्यायचा मान एकट्या अण्णांचा. बाकीच्यांना फोन वरून यायचा. अण्णांनी नवा घेतला की त्यांचा ताईंना, ताईंचा ह्यांना, ह्यांचा मला आणि माझा सासूबाईंना. दुकानात डब्यांची उतरंड असते तशी ही फोनची उतरंड. वरचा डबा हलला तरच खालचे हलायचे. अण्णांनी डास मारायची बॅट घ्यायला एक अख्खा उन्हाळा घालवला होता, आणि बॅट आली तेव्हा डास आपल्या आपण गेले होते. असल्या माणसाच्या मर्जीवर चौघांचे फोन.

फोन खाली देताना त्यातलं काही पुसायचं नाही, अशीही एक रीत पडून गेली होती. सिमकार्ड काढायचं आणि द्यायचा. मी नवी असताना एकदा माझा फोन सासूबाईंना देण्याआधी पुसायला बसले, तर ताईंनी विचारलं, "असं काय हाय गं त्यात?" ह्या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी माणूस चोर ठरतो. मी तसाच दिला. त्यामुळे अण्णांनी काढलेले पातेल्यांचे फोटो ताईंकडे, ताईंच्या माहेरचं सगळं राजकारण ह्यांच्याकडे आणि ह्यांच्या मित्रांचे फाजील विनोद माझ्याकडे, असं घरातल्या घरात सगळं वाहत खाली येत असे. शेवटी सासूबाई. पण त्या फोनवर महाराजांची प्रवचनं ऐकायच्या आणि कुंभोजच्या भाचीला मिस्ड कॉल द्यायच्या, एवढंच. निदान आम्ही सगळे तसं धरून चाललो होतो.

त्या खेपेला मला उतरंड हलायला हवी होती, आणि तेही पाच आठवड्यांच्या आत.

लग्नाआधी मी मिरजेत एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवायचे. बरी शिकवायचे. मुलं दुसऱ्या मास्तरांचा तास बुडवून माझ्याकडे येऊन बसायची, असं स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगणारं उरलेलं नाही. लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "सध्या नको. पुढं बघू." त्या 'सध्या'ला पाच वर्षं झाली होती. आणि आता माझी मिरजेची मैत्रीण निलोफर हिनं मला न विचारता माझं नाव पुण्याच्या एका कंपनीला कळवलं होतं. घरी बसून, फोनवरून, मुलांना शिकवायचं. त्याआधी नमुन्याचा एक तास घ्यायचा, कॅमेऱ्यासमोर. त्यांनी तारखा पाठवल्या. मी त्यातली सगळ्यात शेवटची निवडली, सोमवार, दुपारी तीन.

कारण माझा फोन. त्याच्या काचेचा एक कोपरा फुटलेला, मधून वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ, दहा मिनिटं बोललं की कानाला चटका, आणि चार्जिंग चाळिसावर असताना एकदम शून्यावर. असल्या फोनवरून शिकवणाऱ्या बाईला कोण कामाला ठेवणार? ह्यांचा फोन मात्र चांगला होता. म्हणजे ताईंचा जुना, अण्णांचा त्याहून जुना, पण शाबूत.

मग अण्णांना सरळ सांगायचं की, मला फोन हवा, असं कुणी म्हणेल. पण मग अण्णा विचारणार, "कशाला?" ह्या एका शब्दापुढे माझं गणित अडत होतं. कशाला म्हटल्यावर नोकरी सांगायला लागणार, नोकरी म्हटल्यावर सासूबाई 'सध्या' म्हणणार, आणि पुढची पाच वर्षं गेली. ह्यांच्या कानावर मी घातलं होतं. ते त्यांच्या कानातच राहिलं. "बघू की, अण्णांचा मूड बघून काढू विषय," असं म्हणून ते क्रिकेट बघायला गेले.

तेव्हा मी ठरवलं, अण्णांनाच फोन घ्यायला लावायचा.

मी लबाडी केली. आमच्या दुकानासमोर चौगुल्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दोघांचे आजोबा भागीदार होते, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं गोड आणि मन कडू. एके दिवशी अण्णांना ताक देताना मी सहज म्हणाले, "चौगुल्यांनी म्हणे नवा फोन सांगून ठेवलाय."

ताकाचा पेला खाली आला. "कोण म्हटलं?"

"बस्तीत बायका बोलत होत्या." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. देवाच्या दारात खोटं बोलले नाही, दाराबाहेरच्या बायकांच्या नावावर बोलले, अशी मी माझी समजूत घातली.

आता मला वाटलं होतं, अण्णा मनात जळतील आणि गप्प बसतील. पण अण्णा पेला ठेवून उठले, चपला घातल्या आणि थेट समोरच्या दुकानात गेले. मी खिडकीतून बघत होते. चौगुले काउंटरवर, अण्णा पायरीवर, दोघं हसून बोलताहेत. पाच मिनिटांनी अण्णा परत आले.

"खरं हाय," ते म्हणाले. "सांगितलाय त्यानं. सोनेरी रंगाचा."

बिचाऱ्या चौगुल्यांना फोनची गंधवार्ता नसणार. पण समोरच्या दुकानदारानं येऊन विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? पुढे त्यांनी तो खरोखर घेतला, सोनेरीच. त्या घरात माझ्यामुळे काय महाभारत झालं असेल ते मी कधी विचारायला गेले नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी घर गोळा केलं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे अशा बैठका उजेडातच होतात. अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली होती. डावीकडे 'घ्यावा', उजवीकडे 'घेऊ नये'. घेऊ नये खाली सोळा मुद्दे होते. घ्यावा खाली एकच, 'चौगुले'.

"तर आज मी सांगलीला जाऊन आलो," अण्णा म्हणाले. "दुकानदार म्हटला, जुना फोन आम्हाला द्या, नवा स्वस्तात पडतोय."

जुना दुकानात गेला तर उतरंडीला खाली काय येणार? ताईंचा चेहरा पडला. हे ताईंकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे.

"म्हणजे मोड," अण्णा पुढे म्हणाले. "आपण जुनं पितळ घेऊन नवं पातेलं देतो तसं. त्यानं माझा फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि असं तोंड केलं." अण्णांनी तोंड करून दाखवलं. ते हुबेहूब अण्णांचंच तोंड होतं, गिऱ्हाइकाची जुनी कळशी तराजूत टाकताना ते करतात ते. "मी म्हटलं, गड्या, हे तोंड माझ्या आज्यानं काढलंय, मला शिकवू नको. आणि आलो उठून. न्हाई घ्यायचा फोन. जाऊ दे चौगुल्याला खड्ड्यात."

पेन्सिल घेऊन ते 'घ्यावा' खालचा एकमेव मुद्दा खोडायला लागले. सोमवार मला डोळ्यांसमोरून जाताना दिसला. मी तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. पाच वर्षांत मला ती एक गोष्ट फार चांगली जमायला लागली होती.

"भरतेश," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे वळलो. सासूबाई अशा बैठकीत बोलत नसत.

"फोन घे."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. मोडीत घालू नको, घे आणि जुना तुझ्या बायकोला दे. घरात चार माणसं असताना मोडीत कशाला घालायचं?" आणि त्या शेंगा उचलून आत गेल्या. दारातून म्हणाल्या, "आणि लवकर घे. डासांसारखं नको."

सासूबाईंना माझा फुटका फोन एवढा हवाय याचं मला नवल वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाला काय, मोठा पडदा आवडत असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला. मला तेव्हा फक्त सोमवार दिसत होता.

फोन शुक्रवारी आला आणि उतरंड हलली. ताईंच्या कानातल्या डुलाच्या काडीनं आम्ही सगळी सिमकार्डं काढली, पाटावर ओळीनं मांडली आणि एकेकाची एकेकात घातली. अण्णांचा नवा फोन त्यांचं तोंड बघून उघडायला तयार नव्हता, चष्मा काढल्यावर उघडला. आता फोन दिसतोय पण अक्षर दिसत नाही, असं त्यांचं झालं. ताई तेवढ्यात स्वतःचे अकरा फोटो काढून बसल्या. ह्यांना ताईंचा फोन आला, गुलाबी, पाठीवर आरसा चिकटवलेला. तो घेऊन पुरुषमाणसानं चारचौघांत बोलायचं कसं, हा त्यांचा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही. मला ह्यांचा मिळाला. मी त्यावर लगेच कंपनीचं ॲप उतरवून घेतलं. ते फटकन उघडलं, काही विचारलंसुद्धा नाही. केवढा हुशार फोन, मला वाटलं. आणि माझा फुटका फोन मी सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पदराला पुसला आणि कंबरेला खोचला.

सोमवारी जेवणं झाल्यावर अण्णा आणि हे नेहमीसारखे आडवे झाले. ताईंनी मालिका लावली. मी माडीवर गेले. माडीवर दुकानाचा जादा माल असायचा. तिथे मी सकाळीच जागा करून ठेवली होती. लग्नकार्याचा मोठा लोखंडी तवा भिंतीला टेकवून उभा केला होता, फळ्यासारखा. खडूनं त्यावर झकास उमटतं. निळी साडी नेसले, केस नीट केले, फोन स्टीलच्या डब्याला टेकवला आणि समोर बसले.

तीन वाजले. फोन गप्प.

तीन वाजून तीन मिनिटं. मी इंटरनेट तपासलं, आवाज वाढवला. पाच मिनिटं. फोनमध्ये माझंच तोंड दिसत होतं, घामेजलेलं. सात मिनिटं झाली आणि मला कळलं की हे काही होणार नाही. एवढा आटापिटा केला, चौगुल्यांना बुडवलं, आणि त्यांनी मला फोनच केला नाही. मला रडायला आलं. खरं सांगते, चांगलं हुंदका देऊन आलं.

तेवढ्यात जिना वाजला. एक पायरी, मग थांबणं. दुसरी पायरी, मग थांबणं. असा जिना आमच्या घरात एकच माणूस चढू शकत होतं, आणि गुडघ्यांमुळे त्या माणसानं दोन वर्षांत माडीचं तोंड बघितलं नव्हतं.

दारात सासूबाई उभ्या राहिल्या. चार्जरची वायर गळ्यात, आणि हातात माझा फुटका फोन, गरम कढई धरावी तसा अंगापासून लांब धरलेला. त्यातून पुरुषाचा आवाज येत होता. "मॅडम? हॅलो? आम्हाला फक्त छत दिसतंय, मॅडम."

"हे गृहस्थ तुला विचारायलेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मी उचलला तर म्हणाले, चंदना मॅडम का? मी म्हटलं, न्हवं. शिकवणारी वरती हाय, थांबा, घेऊन जातो."

आमच्याकडे जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'जातो, आलो' असंच म्हणतात. पण मी त्या क्षणी दुसऱ्याच शब्दावर अडकले होते. शिकवणारी.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. ह्यांच्या फोनमधलं काहीच पुसलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावरचं ॲप ह्यांच्याच नावानं उघडलं होतं. कंपनीत नाव मी नोंदवलं होतं ते फुटक्या फोनवरून. माझं नाव, माझं खातं, माझी नोकरी, सगळं त्यातच राहिलं होतं आणि सासूबाईंच्या कंबरेला होतं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी कॅमेऱ्याची काच पदरानं पुसली, फोन घागरीला टेकवून उभा केला, गळ्यातली वायर काढून भिंतीत खुपसली आणि माझ्याकडे बघितलं. "डोळे पूस," म्हणाल्या. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

पडद्यावर एक गृहस्थ आणि एक बाई होत्या. हिरवी रेघ गृहस्थांच्या नाकावरून खाली गेली होती.

"सॉरी मॅडम, थोडा गोंधळ झाला. आठवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवायची आहे. सुरुवात करा."

मी चार आठवडे केलेली तयारी माझ्या डोक्यातून साफ गेली. समोर नुसती भांडी दिसत होती. मी खडू उचलला आणि तव्यावर एक घागर काढली. "मुलांनो, तुमच्या आजीची ही पितळी घागर आहे. पाच किलोची. दुकानदार म्हणतो, जुनं आहे, शेकडा दहा घट धरणार. घट म्हणजे वितळवताना वजन कमी होतं ते. तर दुकानदार किती किलोचा भाव देणार?" आणि मग मी सुटलेच. दुकानदार कसं तोंड करतो तेसुद्धा करून दाखवलं. पडद्यावरची बाई हसायला लागली. मी तिला उठवून गणित सांगायला लावलं, ती परीक्षक आहे हे विसरून. पाच वर्षांनी माझा आवाज माझ्या कानावर पडत होता. मला फार बरं वाटत होतं.

मध्येच दाराबाहेर अण्णांचा आवाज आला. "वर काय चाललंय?"

"तास चाललाय," सासूबाईंचा आवाज.

"कसला तास?"

"गणिताचा. तू ज्यात दोनदा बसलास त्याचा. खाली जा."

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ताई आल्या, त्यांनाही परत पाठवलं. ह्यांचं मला माहीत नाही, ते झोपलेच असावेत.

अर्ध्या तासानं मी दार उघडलं. सासूबाई वरच्या पायरीवर पाय लांब करून गुडघा चोळत बसल्या होत्या.

"झालं?"

"झालं. पुढच्या सोमवारपासून घेतो म्हणाले. चार ते सहा."

"त्या फोनवर जमलं की मग."

"जमलं."

"मग घर कशाला हलवलंस एवढं?"

मी खाली बघितलं. "विचारायचं कसं, कळत नव्हतं."

"तोंडानं," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. खाली टीव्ही चालू होता.

"भरतेश परत आलावता, त्याला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "त्यानं विचारलं, कशाला. म्हटलं, तिला येतंय म्हणून."

मला हुंदका आला, पण आता डोळे पुसायला सांगितलं नाही कुणी. मी विचारलं, "आई, तुम्हाला कसं माहीत, मला हे करायचं होतं?"

"तो निळा फोन नव्हता का? दोन वर्षांमागं दिलावतास बघ मला. त्यात होतं सगळं. तुझं नि त्या मिरजेच्या पोरीचं. किती लिहिलंयस गं. मला महिना लागला वाचायला."

मला निळा फोन आठवला. मग मी निलोफरला त्यातून काय काय लिहीत असे ते आठवलं. कान तापायला लागले.

"सगळं वाचलंत?"

"प्रवचन रोज किती ऐकायचं?" त्या म्हणाल्या. "त्यात एक जेलर होती. जेलर असं म्हटली, जेलर तसं म्हटली. ही कोण बाई, हे कळायला मला दोन दिवस लागले."

पायरीत गडप होता आलं असतं तर झाले असते. "आई, ते मी..."

"वाईट वाटलं की. चार दिवस तुझ्या हातचा चहा घेतला न्हाई मी. तुला कळलं पण न्हाई."

खरंच कळलं नव्हतं. मी आठवून बघितलं. चार दिवस सकाळी भरलेला कप तसाच परत आला असणार, आणि मी तो मोरीत ओतून धुऊन टाकला असणार.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी गुडघा चोळायचा थांबवला. "तू विचारशील म्हणून थांबलो. दोन वर्षं थांबलो. पहिल्या वर्षी विचारलं असतंस तर न्हाईच म्हटलो असतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी न्हाई म्हटलो नसतो. पण तू काय विचारायला तयार न्हाईस. मग मला राग आला. म्हटलं, हिला विचारायचंच नसेल तर आपण कशाला?"

भिंतीला हात लावून त्या उठायला लागल्या. मी आधार दिला. फुटका फोन घागरीपाशीच होता. मी तो आणून त्यांच्या हातात द्यायला गेले आणि मध्येच थांबले. ह्याच्यात पुढची दोन वर्षं होती.

"ह्यातलं पण वाचणार?"

"शुक्रवारीच मिळालाय. अजून सुरुवातच हाय," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

मला दोन मिनिटं पुरली असती. काहीतरी कारण काढून फोन मागे घेता आला असता. त्यात काय होतं ते मला साधारण माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते जास्त वाईट असणार होतं. मी फोन त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कंबरेला खोचला आणि आम्ही दोघी एकेक पायरी करत खाली उतरलो.

मंगळवारी सकाळी मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी घेतला. बुधवारी घेतला. गुरुवारी कप तसाच पडून होता, वर साय धरलेली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मी कप बाजूला सारला, त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि विचारलं, "आई, काय वाचलंत?"